मामेसासऱ्यांचा डावा हात

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यातली सगळी कामं एका हाताने केली. दुसऱ्या हाताला काही झालं होतं अशातला भाग नाही. तो चांगला धडधाकट होता, फक्त पँटच्या डाव्या खिशात असायचा. इतक्या वर्षांच्या ओळखीत तो हात मी नीट असा एकदाच पाहिला, आणि तो का पाहिला हेच सांगायला बसलो आहे. मामा एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते. प्राध्यापक प्रयोग फळ्यावर सिद्ध करायचे आणि मामा टेबलावर. दोन्हींचं उत्तर जुळलं नाही तर फळा पुसला जायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यांना एक यंत्र दाखवून म्हणालं, "लावा हात, बंद आहे." मामांनी विश्वासाने दोन्ही हात लावले आणि मागच्या कपाटावर जाऊन आदळले. यंत्र खरोखरच बंद होतं, पण आत वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. वीज गेल्यावरही तो आपला भरून बसलेला होता. त्या दिवसापासून मामांचे दोन नियम झाले. एक म्हणजे बंद या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आणि दुसरा, कशालाही हात लावायचा तर एकच लावायचा, दुसरा खिशात ठेवायचा. दोन हात लावले की वीज एकातून शिरते, दुसऱ्यातून निघते आणि वाटेत छाती लागते, असं ते सांगायचे. नियम बरोबर आहे. विजेची कामं करणारी पुष्कळ जाणती माणसं तो पाळतात. पण ती घरी आल्यावर हात बाहेर काढतात, मामांनी तो घरीही काढला नाही.

ते सायकल एका हाताने चालवायचे, आणि वर्तमानपत्राची आठ पदरी घडी करून एका हाताने वाचायचे, त्यामुळे मोठ्या बातम्यांचा शेवट त्यांना क्वचितच माहीत असे. देवाला नमस्कारही एकाच हाताचा. मामी म्हणायच्या, "देव काय, ह्यांच्याकडून सलाम घेतो." लोणावळ्याच्या पुढे मामा कधी गेले नव्हते. कुणी काशी म्हणा, कन्याकुमारी म्हणा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "लांबच्या गाडीत सामान घेऊन चढायला दोन हात लागतात." विषय तिथे संपायचा. वारज्याला तेव्हा सगळी शेतं होती. मामांनी तिथे दोन खोल्या बांधल्या, तर शेजारच्या बागायतदाराची पहिली दोन वर्षं अशी समजूत होती की या मास्तरांना डावा हात नाही. त्याने भिडेपोटी कधी विचारलं नाही, पण दूध, भाजी, शेंगा असं काहीबाही आणून द्यायचा. शेवटी एक दिवस धीर करून त्याने मामींना विचारलं, "वैनी, मास्तरांचा हात कवा गेला?" मामी म्हणाल्या, "गेला नाही हो, खिशात आहे." त्यानंतर दूध यायचं थांबलं, पण येणं-जाणं राहिलं.

या सगळ्याचा कळस आमच्या लग्नात झाला. माझी बायको शकू सात वर्षांची असताना तिची आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. तेव्हापासून तिला मामा-मामींनीच वाढवलं, त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तेव्हा कन्यादान मामांकडेच आलं. कन्यादानाला रेशमी कद नेसावा लागतो आणि कदाला खिसा नसतो. ही अडचण मामांनी साखरपुड्याच्या दिवशीच मांडली होती. मामींनी कदाच्या आतून एक खिसा शिवून दिला. गुरुजी म्हणाले, "यजमान, दोन्ही हातांची ओंजळ करा." मामा म्हणाले, "एकात भागवा." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी शकूकडे पाहिलं, शकूने मान खाली घातली, ती लाजेने असं सगळ्यांना वाटलं. मामींनी आपला हात मामांच्या हाताला लावून ओंजळ पुरी केली आणि मुहूर्त साधला. एका हाताने कन्यादान झालेला मी पुण्यातला बहुधा एकमेव जावई असेन. याने काही बिघडलं असं नाही, पण फोटोत मामा बसचं तिकीट काढताना दिसतात.

आता मूळ हकीकत. आमचं खातं सरकारी, काम मोजमापाची यंत्रं तपासण्याचं. माझी पदवी संस्कृतची. हे दोन्ही एकत्र कसं आलं हे मला कुणी विचारलं नाही, कारण जुनी यंत्रं चाकांची आणि काट्यांची होती, आणि मी त्यांची फक्त नोंद ठेवायचो. पुढे पुण्याच्या कचेरीत इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आणि त्याबरोबर फतवा आला. मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सची खातेपरीक्षा होईल, एकदाच होईल, जे पास होतील ते पुण्यात नव्या विभागात राहतील आणि उरलेले जुन्या यंत्रांबरोबर चंद्रपूरला जातील. परीक्षेला सहा महिने होते. मी घरी येऊन सांगितलं. शकू भाकरी थापत होती, ती तशीच थांबली. "चंद्रपूर म्हणजे किती लांब?" मी म्हटलं, दीड दिवस धरून चाल. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत एकही रविवार असा गेला नव्हता की आम्ही वारज्याला गेलो नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "अहो, मामांकडे जा शिकायला. आजच जा."

मी गेलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. चंद्रपूर हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला यातलं काय येतं?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "छान. म्हणजे चुकीचं तरी काही येत नाही." त्या दिवसापासून कचेरी सुटली की मी सायकल हाणत वारज्याला जायचो आणि उजेड आहे तोवर मामांच्या टेबलापाशी बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डावा हात खिशात घालायला लावला. मी म्हटलं, "मामा, नुसतं पुस्तक तर वाचतोय." ते म्हणाले, "पुस्तक विजेचं आहे."

शिकवण्याचा सगळा डोलारा एका कॅपॅसिटरवर उभा होता. चहाच्या डब्याएवढं ते ॲल्युमिनियमचं नळकांडं, वर दोन पितळी स्क्रू. त्याला वीज अडवणाऱ्या एका रेझिस्टरमधून बारा व्होल्ट द्यायचे, मीटर लावायचा, दर दहा सेकंदांनी काटा कुठे आहे ते लिहायचं आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. पहिला प्रयोग मी एकट्याने केला, मामा बागेत होते. मला वाटलं, भरतोय म्हणजे सारखाच भरत असणार. पहिले दोनतीन ठिपके मांडले, मग पुढचे आपले आपण मांडून मोकळा झालो, आणि पट्टी लावून छान सरळ रेघ मारली. मामा आले. त्यांनी कागद उजव्या हातात धरून बराच वेळ पाहिला. "हा आलेख कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." "तेच म्हटलं. कॅपॅसिटरचा नाही." मग त्यांनी कागदाची टेबलावरच घडी घातली आणि ती डाव्या खिशात सरकवली. मी परत मागितला तर म्हणाले, "राहू दे." मला वाटलं कॉलेजातल्या जुन्या दोस्तांना दाखवून हसणार असतील. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मामा भेटले नाहीत. मामी म्हणाल्या, गावात गेलेत, कुठे ते सांगून गेले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू झाली. लोक कॅपॅसिटर समजावताना हमखास पाण्याची टाकी आणतात. मामांना टाकीचं नाव काढलेलं खपायचं नाही. "टाकी नळाला सांगत नाही की आता पुरे. हा सांगतो," असं ते म्हणायचे. रिकामा असतो तेव्हा तो अधाशासारखा घेतो. जसजसा भरत जातो तसतसा देणाऱ्यालाच विरोध करायला लागतो, त्यामुळे पुढचं भरणं मंदावत जातं. आमच्या जोडणीत शंभर सेकंदांत तो शंभरातले त्रेसष्ट भरायचा. मी म्हटलं, म्हणजे दोनशे सेकंदांत एकशे सव्वीस. मामांनी मामींना हाक मारून ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग शांतपणे सांगितलं, "उरलेल्यातले त्रेसष्ट टक्के. दर वेळी उरलेल्यातले. म्हणून तो पुरता कधीच भरत नाही आणि रिकामा करायला गेलात तर पुरता कधीच रिकामा होत नाही. पाच वेळा शंभर सेकंद गेले की माणसाने समाधान मानावं." हे पाच वेळांचं गणित ते सगळीकडे लावायचे. चहा निवायला पाच वेळा, नवी चप्पल पायात बसायला पाच वेळा, नवा जावई बसायला पाच वेळा. माझी तेव्हा तिसरी वेळ चालू होती, असं त्यांच्या हिशेबात होतं.

पण मामांचा खरा जीव रिकामं करण्यात होता. त्यांच्या कपाटात शंभरेक कॅपॅसिटर होते आणि एकूण एकाच्या दोन टोकांना तांब्याची तार गुंडाळून बांधलेली. लहान मुलांना करगोटा बांधतात तशी. मी विचारलं, रिकामा केल्यावर ही कशाला? मामांनी आमचा कॅपॅसिटर घेतला, भरला, दोन्ही स्क्रूंवर तार टेकवून क्षणात रिकामा केला. मीटर लावला, काटा शून्यावर. "झाला रिकामा?" मी म्हटलं, झाला. "बसा." आम्ही बसलो. काही वेळाने काटा हलला. कुणी काही जोडलेलं नाही, वीज नाही, आणि काटा आपला आपण वर येतोय. पाव व्होल्ट, अर्धा, त्याच्याही वर. मी खुर्ची मागे ओढली. मामा म्हणाले, "वरवरचं गेलं होतं. आत मुरलेलं सावकाश वर येतं. म्हणून तार बांधून ठेवायची आणि एक विडा होईपर्यंत सोडायची नाही." विडा हे मामांचं वेळेचं माप होतं. तोही एकाच हाताने लावायचा असल्यामुळे त्याला चांगली वीस मिनिटं लागत. मामी रागावल्या आणि "मी काही रागावलेले नाहीये" म्हणाल्या की मामा पानाचा डबा उघडायचे. मामी म्हणायच्या, "इतकी वर्षं झाली, भांडण म्हणून पुरतं करू दिलं नाही या माणसाने."

परीक्षेच्या दिवशी शकूने दही-साखर हातावर ठेवली तेव्हा मी ती उजव्या हातावर घेतली आणि डावा खिशात घातला. तिने पाहिलं, पण त्या दिवशी हसली नाही. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकाला अर्धाच तास होता आणि टेबलावर तसलंच, अगदी ओळखीचं नळकांडं. भरतानाचे आकडे घ्या, रिकामा होतानाचे घ्या, दोन्ही आलेख काढा. माझ्या आधीच्या तुकडीने नुकतंच ते वापरून ठेवलं होतं. मीटर लावला, काटा शून्यावर. बाकीच्यांनी घड्याळं सुरू केली. मी टेबलावरून एक तार उचलली, दोन्ही स्क्रूंना गुंडाळली, आणि खुर्चीला टेकून बसलो. पानाचा डबा नव्हता, म्हणून मनातल्या मनात पान पुसलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात घातला, सुपारी घातली. एका हाताने, सावकाश. लवंग टोचायच्या सुमाराला परीक्षक येऊन उभे राहिले. बाहेरगावाहून आलेले वयस्कर गृहस्थ होते. "आपली तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "हो साहेब." "मग सुरुवात का करत नाही?" "तो अजून रिकामा व्हायचाय." ते म्हणाले, "काटा शून्यावर आहे की." शेजारच्या टेबलावरचा उमेदवार काहीतरी विसरला म्हणून चरफडत बाहेर गेला होता, आणि त्याचा कॅपॅसिटर नुसताच मीटरला लावून तसाच पडला होता. मी उजव्या हाताने तिकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी पाहिलं. काटा एका व्होल्टला टेकत आला होता. ते वाकून पाहतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "डावा हात दुखावलाय का तुमचा?" मी म्हटलं, "नाही, खिशात आहे."

माझे आकडे निम्मेच झाले. शेवटची घंटा झाली तेव्हा रिकामं होण्याचा आलेख अर्ध्यावर लोंबकळत होता. बाकी सगळ्यांचे कागद भरगच्च, आकडे पुस्तकात असतात तसे गुळगुळीत. मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. शकूला म्हटलं, बांधाबांध करायला घे. ती स्वयंपाकघरात गेली आणि पितळी डबे खाली काढायला लागली. मला तो आवाज ऐकवेना. निकाल लागेपर्यंतचे रविवार आम्ही वारज्याला गेलो, पण परीक्षेबद्दल मामांनी एक अक्षर विचारलं नाही. शकू मात्र प्रत्येक वेळी निघताना मामींच्या गळ्यात पडायची, जणू त्याच दिवशी गाडी आहे.

निकालाची यादी लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली, बंद या शब्दासारखा त्या यादीवरही माझा विश्वास बसेना. साहेबांनी बोलावून सांगितलं की परीक्षकांनी माझ्या कागदावर शेरा मारलाय: आकडे कमी आहेत, पण शून्यापासून सुरू होणारे एवढेच. त्यांना विचारायचं होतं, शिकवलं कुणी, कुठल्या कॉलेजात प्राध्यापक आहेत. मी म्हटलं, प्राध्यापक नाहीत, माझे मामेसासरे आहेत.

दुपारीच रजा टाकली, शकूला सायकलवर मागे बसवलं आणि वारजे गाठलं. मामा अंगणात बागायतदाराच्या पंपाचा कॅपॅसिटर तपासत बसले होते. तो शेजारी उभा राहून सांगत होता, "मास्तर, मोटार नुसती घुं करतीया, फिरत न्हाय बगा." मामांनी मान वर केली. "काय झालं?" मी म्हटलं, "पास झालो." "म्हणजे चंद्रपूर?" "नाही जायचं." मामांनी हातातली तार खाली ठेवली. मग त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. मोज्यातून निघालेल्या पावलासारखा पांढरा हात होता तो. बागायतदार दोन पावलं मागे सरकला. त्या हातात एक कागद होता, घामाने मऊ पडलेला. मामांनी तो गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी सारखा केला. माझी ती पट्टी लावून मारलेली सरळ रेघ मी लांबूनच ओळखली. मग त्यांनी तो उलटा केला आणि शकूकडे दिला. पाठीमागे त्यांच्या बारीक अक्षरात गाड्यांच्या वेळा होत्या, जाण्याच्या आणि येण्याच्या. खाली लिहिलं होतं: वर्ध्याला गाडी बदलणे. डबा तीन वेळचा. सौ.ला खिडकीची जागा. शकूला आधी पत्र टाकून स्टेशनवर येऊ नको म्हणून सांगणे, तरी ती येईलच. आणि सगळ्यात शेवटी: सामान एकच घेणे. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत.

"तुमचा तो आलेख पाहिला," मामा मला म्हणाले, "आणि दुसऱ्याच दिवशी स्टेशनावर जाऊन आलो." शकू कागद धरून रडत होती. मामा उठले. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मामी दारात आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "त्या गुरुजींना कळवायला हवं." मग मामांचा डावा हात पुन्हा खिशात गेला आणि त्यांनी विचारलं, "चहा घेणार ना?"

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वारज्याला शेत औषधालासुद्धा उरलेलं नाही. बागायतदाराच्या उसाच्या जागी सात मजली इमारत आहे आणि त्याचा नातू मला "अंकल" म्हणतो. मामांच्या पँटी द्यायला काढल्या तेव्हा पाहिलं, उजवे खिसे सगळे कोरे करकरीत होते आणि डावे मामींनी पुन्हापुन्हा रफू केलेले. तो कागद शकूच्या कपाटात साड्यांखाली आहे. त्यातल्या गाड्यांच्या वेळा कधीच बदलल्या असतील. आम्ही चंद्रपूरला अजून गेलेलो नाही. वर्षातून एखाद्या वेळी, काहीएक निमित्त नसताना, ती तो काढते आणि खिडकीशी उभी राहून वाचते. काय झालं, म्हणून पूर्वी मी विचारायचो. ती म्हणायची, "कुठे काय." आता विचारत नाही. एक विडा होईल एवढा वेळ बसून राहतो, आणि मग उठून चहा टाकतो.